ग्रंथपालांना प्रकाशनाचे काम शिकवा : कुलगुरू आणि ग्रंथालयशास्त्र अभ्यासमंडळांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांचे सन्माननीय कुलगुरू, तसेच ग्रंथालय व माहितीशास्त्र अभ्यासमंडळांचे अध्यक्ष आणि सदस्य

स. न. वि. वि.

फेब्रुवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने यूजीसी-केअर ही जर्नलांची यादी बंद केली. तिच्या जागी काही निकष सुचवले आणि कोणते जर्नल चांगले, कोणते टाकाऊ हे ठरवण्याची व्यवस्था प्रत्येक संस्थेने आपापली उभी करावी, असे सांगितले. ते परिपत्रक आमच्या महाविद्यालयात आले, त्यावर ‘ग्रंथपाल – योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा पडला आणि कागद माझ्या टेबलावर आला. राज्यातल्या बऱ्याच महाविद्यालयांत याहून वेगळे काही झाले नसेल. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. एम.लिब. केले, नेट झाले, रीतसर निवड होऊन आले. पण ‘योग्य ती कार्यवाही’ कशी करायची, हे मला आजवर कुठल्याही वर्गात कुणी शिकवलेले नाही.

आम्हाला जे शिकवले त्याबद्दल तक्रार नाही. रंगनाथनांची पाच सूत्रे, ड्युईचे वर्गांक, तालिकीकरणाचे नियम, सोल आणि कोहा या ग्रंथालयांच्या संगणक प्रणाली, संदर्भसेवा हे सगळे रोज उपयोगी पडते. मात्र या शिक्षणाची सुरुवातच छापून आलेल्या वस्तूपासून होते. पुस्तक किंवा नियतकालिक दारात आले की त्याची दाखल नोंद कशी करायची, ते कुठे ठेवायचे, वाचकाला कसे द्यायचे इथून पुढचे आम्हाला येते. ते नियतकालिक निघते कसे, लेख कोण तपासतो, हक्क कुणाकडे राहतात, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) कोण देतो आणि का देतो, लेख दहा वर्षांनी सापडेल याची हमी कोण घेतो, हा त्याआधीचा भाग आमच्या अभ्यासक्रमात फार तर एखाद्या घटकातल्या दोन ओळींत उरकला जातो. आणि गेली पंधरा वर्षे आमच्याकडे येणारे प्रश्न नेमके याच भागातले आहेत.

पंधरा वर्षे म्हणते, कारण हे सगळे २०१० च्या यूजीसी नियमावलीपासून सुरू झाले. पदोन्नतीला एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे, गुण आले, गुणांना शोधनिबंध आले आणि शोधनिबंधांना जर्नलांची दुकाने आली. २०१५ साली ‘बीएमसी मेडिसिन’मध्ये शेन आणि ब्योर्क यांचा अभ्यास आला. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांत लिहिणाऱ्यांपैकी सुमारे ३५ टक्के लेखक भारतातले असल्याचे त्यात निघाले. मग २०१७ मध्ये आयोगाची मान्यताप्राप्त यादी आली, अडतीस हजारांच्या वर जर्नले असलेली. तिच्यात काय काय शिरले होते हे पुण्यातल्याच अभ्यासकांनी दाखवले. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेली हजारावर जर्नले तपासली आणि त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाच्या कसोटीला उतरत नाहीत असे ‘करंट सायन्स’मध्ये २०१८ साली मांडले. विद्यापीठांच्या शिफारशीवरून, हे शब्द कृपया पुन्हा वाचावेत. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ जर्नले एका फटक्यात काढून टाकली. २०१९ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षाच्या मदतीने केअरची यादी आली आणि आता तीही गेली.

यादी असताना माझे काम सोपे होते, हे कबूल करते. प्राध्यापक जर्नलाचे नाव घेऊन यायचे, मी यादीत बघायचे आणि ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगायचे. त्यात पारख कसली? आणि त्या सोप्या कामातही खाचखळगे होतेच. नावाजलेल्या जर्नलाचे नाव आणि आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळखक्रमांक) जसाच्या तसा उचलून भलत्यानेच संकेतस्थळ थाटायचे, लेख मागवायचे, पैसे घ्यायचे. अशा नकली जर्नलांची वेगळी यादीच केअरला ठेवावी लागली होती. छापील अंकावर निष्ठेने चाललेली आणि स्वतःचे संकेतस्थळ नसलेली नियतकालिके या चोरीला सगळ्यात सोपी. मराठीतली बहुतेक संशोधनपर त्रैमासिके याच प्रकारात मोडतात.

आता यादी नाही. एक नमुना सांगते. प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटावर जाहिरात येते : बहुविद्याशाखीय आंतरराष्ट्रीय जर्नल, सर्व विषय, मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्ही भाषा, तीन दिवसांत प्रकाशन, तज्ज्ञ परीक्षण, इम्पॅक्ट फॅक्टर सातच्या वर, डीओआय मोफत, ई-प्रमाणपत्र लगेच, शुल्क दीड हजार, सहलेखकाच्या प्रमाणपत्राचे वेगळे. खाली क्यूआर कोड. अर्ध्या तासात तीन सहकारी येऊन विचारतात, “मॅडम, हे चालेल का?”

हे तपासायचे कसे? आयएसएसएन खरा आहे की नाही हे आयएसएसएनच्या पोर्टलवर कळते. पण खरा असला म्हणून काय? आपल्याकडे तो दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्रातून विनामूल्य मिळतो. तो फक्त नियतकालिकाची ओळख पटवणारा क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नाही. तरीही आपल्याकडे ‘आयएसएसएनवाले जर्नल’ हा शब्द आयएसआय मार्कासारखा वापरला जातो, अगदी निवड समितीतसुद्धा. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलातले लेख सरासरी किती वेळा उद्धृत होतात त्याचा आकडा, पाहायचा तर तो क्लॅरिव्हेट कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये आहे का, हे बघावे लागते. जाहिरातीतले आकडे विकणारी दुकाने निराळीच असतात. डीओआय कॉपी करून डीओआय डॉट ऑर्गवर टाकला की कधी कधी पानच उघडत नाही, कारण तो क्रमांक कुठे नोंदवलेलाच नसतो. दहा, टिंब, चार आकडे, तिरकी रेघ असा नुसता दिसायला डीओआयसारखा असतो. संपादक मंडळातल्या नावांना एकेक ईमेल करून ‘आपण खरोखर यात आहात का’ हे विचारावे लागते. मागचे अंक उघडून एका अंकात किती लेख आहेत ते मोजावे लागते. एका महिन्याच्या अंकात दोनशे लेख असतील, तर परीक्षण कुणी आणि कधी केले? आणि तीन दिवसांत परीक्षण होते म्हणजे परीक्षक कुठल्या ग्रहावर राहतात, असाही प्रश्न विचारता येतो.

हे मी इकडून तिकडून वाचून शिकले. माझ्या शेजारच्या तालुक्यातल्या ग्रंथपालांना ते शिकायची संधी मिळाली नसेल, तर दोष त्यांचा नाही. तिथे एकच ग्रंथपाल, परिचराचे पद रिकामे, देवघेव तेच करतात, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकचा चौथा निकष तेच भरतात आणि परीक्षेच्या दिवसांत वर्गावर पर्यवेक्षणही तेच करतात.

या विषयाचे एकच अंग धरून चालत नाही म्हणून दुसरीकडे वळते. फसव्या जर्नलांपासून लोकांना वाचवणे हे पहारेकऱ्याचे काम झाले. ते गरजेचे आहे, पण प्रशिक्षण तेवढ्यापुरतेच मागायचे असते तर एक पानाची सूचना पुरली असती. माझी मागणी वेगळी आहे. ग्रंथपालाला प्रकाशनाचे काम प्रत्यक्ष करता आले पाहिजे. कारण महाराष्ट्रात संशोधनपर नियतकालिके काढणारी माणसे खूप आहेत आणि त्यांच्या पाठीशी हे तांत्रिक काम जाणणारे कुणीच नाही.

बघा ना. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून काम करते आहे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचा ‘संशोधक’, वाईच्या प्राज्ञपाठशाळेचा ‘नवभारत’, मराठी अभ्यास परिषदेचे ‘भाषा आणि जीवन’, पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाचा ‘परामर्श’ ही नावे मराठीत संशोधन करणाऱ्या कुणालाही ओळखीची आहेत. यांखेरीज विषयवार परिषदांची मुखपत्रे आहेत, महाविद्यालयांची वार्षिक संशोधनपत्रे आहेत, चर्चासत्रांचे खंड तर पोत्यांनी आहेत. संपादक आपापल्या विषयातले जाणकार. अंक निघतो, वर्गणीदारांना पोस्टाने जातो, ग्रंथालयात बांधणी होऊन फडताळात बसतो. अमरावतीच्या किंवा अमेरिकेतल्या एखाद्या संशोधकाने त्या विषयावर नेटवर शोध घेतला, तर मात्र त्यातला लेख बहुधा त्याच्यासमोर येत नाही.

का येत नाही याचे एक कारण अगदी जवळून दाखवते. एका जुन्या अंकाची पीडीएफ उघडा. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते. त्यातला ‘मराठी’ हा शब्द माउसने निवडा, कॉपी करा आणि दुसऱ्या फायलीत चिकटवा. तिथे उमटतात दोन-तीन रोमन अक्षरे, एक अधोरेघ आणि एक बाणाचे टोक. कारण अंक पेजमेकरमध्ये श्रीलिपी, आकृती किंवा तशाच एखाद्या जुन्या फाँटात जुळवलेला असतो. त्या फाँटात देवनागरी हे नुसते चित्र असते, खाली अक्षरे इंग्रजीचीच. माणसाला मराठी दिसते, यंत्राला कचरा दिसतो. म्हणून गुगलला तो लेख सापडत नाही. त्याच कारणाने अशा फाँटातला मराठी प्रबंध शोधशुद्धी या वाङ्मयचौर्य शोधणाऱ्या सेवेच्या सॉफ्टवेअरमध्ये घातला की साम्याचा आकडा छान कमी येतो आणि सगळे खूश होतात. २०१८ च्या वाङ्मयचौर्य प्रतिबंधक नियमांत दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालते. इथे अहवाल शून्याच्या आसपास असतो, कारण वाचायला काही मिळालेलेच नसते. त्या अहवालावर सही कुणाची असते, हे सांगायची गरज नाही.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत, स्कॅन केलेल्या पानांवरची मराठी अक्षरे ओळखणारी साधनेही आता बऱ्यापैकी काम देतात. रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासायला मात्र डोळे लागतात. अवघड काही नाही, पण कुणीतरी शिकवावे लागते आणि कुणालातरी वेळ द्यावा लागतो.

दुसरे कारण संकेतस्थळे. नॅकची भेट जवळ आली की महाविद्यालय नवीन माणसाकडून नवे संकेतस्थळ करून घेते. जुने पत्ते मोडतात. ज्या पानावर संशोधनपत्राचे पाच वर्षांचे अंक होते, तिथे ‘पान सापडले नाही’ असा फलक लागतो आणि ज्यांनी त्या लेखांचे दुवे आपल्या प्रबंधाच्या संदर्भसूचीत दिले ते तोंडघशी पडतात. डीओआय याचसाठी असतो : लेखाचा पत्ता बदलला तरी क्रमांक तोच राहतो. पण नवा पत्ता क्रॉसरेफला, म्हणजे डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेला, कळवण्याचे काम प्रकाशकाचे. ते न कळवले तर डीओआयही मोडक्या दारावर नेऊन सोडतो. आमच्याकडे डीओआय हा लेखाच्या छातीवर लावायचा बिल्ला समजतात. घेतल्यानंतर वर्षानुवर्षे सांभाळण्याची ती जबाबदारी आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

तिसरे कारण नावांचे, आणि इथे ग्रंथपालाइतका तयार माणूस दुसरा सापडणार नाही. मराठी माणसाचे नाव रोमन लिपीत गेले की त्याचे चार अवतार होतात. आडनाव आधी की नंतर, वडिलांचे नाव पूर्ण की आद्याक्षर, लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदललेले, ‘शिंदे’च्या शेवटी एक अक्षर की दोन. एकाच बाईंचे नऊ लेख चार वेगवेगळ्या व्यक्तींच्या नावावर पडतात आणि एकाच नावाच्या दोन सरांचे लेख एकत्र होतात. तालिकीकरणात आम्ही नेमके हेच शिकतो : एका व्यक्तीच्या सगळ्या नावरूपांना एका अधिकृत नोंदीखाली आणायचे. संशोधकाला मिळणारा ऑर्किडचा सोळा अंकी क्रमांक २०१२ पासून हेच काम करतो आहे. म्हणजे आमचे जुने शिक्षण वाया गेलेले नाही, त्याला पुढचा मजला बांधायचा राहिला आहे. विषयशीर्षके, मेटाडेटा (लेखाविषयीची माहिती), मानक क्रमांक, जतन ही प्रकाशनाची कंटाळवाणी वाटणारी सगळी कामे ग्रंथपालाच्या हातची आहेत. संपादकाला ती नकोशी असतात आणि छापखान्याला ती कळत नाहीत.

ग्रंथपाल प्रकाशनात उतरले तर काय होते, याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. नेपाळ जर्नल्स ऑनलाइन हा मंच २००७ मध्ये इनास्प या ब्रिटिश संस्थेच्या मदतीने सुरू झाला. काठमांडूच्या त्रिभुवन विद्यापीठाचे केंद्रीय ग्रंथालय तो सांभाळते. देशातली शेकडो जर्नले एका जागी आहेत, लेख वाचायला मोकळे आहेत. खाली ओपन जर्नल सिस्टिम्स (ओजेएस) ही जर्नले चालवण्याची प्रणाली चालते, जी पब्लिक नॉलेज प्रोजेक्टने २००१ पासून फुकट उपलब्ध करून दिलेली आहे. आपल्यापेक्षा कमी पैसा आणि कमी माणसे असलेल्या देशाचे हे काम आहे. महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठाच्या ज्ञानस्रोत केंद्राने, म्हणजे ग्रंथालयाने, अशी सोय संलग्न महाविद्यालयांसाठी चालवायला काय हरकत आहे?

अमेरिकेत ग्रंथालयांच्या प्रकाशन विभागांची लायब्ररी पब्लिशिंग कोअलिशन ही संघटनाच आहे. तिथेही आधी माणसे चाचपडतच शिकली. मग एज्युकोपिया इन्स्टिट्यूटने तिला आणि पब्लिक नॉलेज प्रोजेक्टला सोबत घेऊन सरकारी अनुदानातून ग्रंथपालांसाठी खास अभ्यासक्रम तयार केला. आशय, प्रभाव, धोरण आणि आर्थिक टिकाऊपणा असे त्याचे चार भाग. तो मुक्त परवान्याखाली आहे, म्हणजे घ्या आणि आपल्या गरजेप्रमाणे बदला. आपले अभ्यासमंडळ तो उद्या सकाळी मागवू शकते, कुणाची परवानगी लागत नाही. अर्थात त्यात जुन्या फाँटांचे, मराठी नावांचे आणि नॅकचे प्रकरण नाही. ते आपल्याला लिहावे लागेल. आणि ‘प्रेडेटरी’, म्हणजे भक्षक, जर्नल हा आज सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्द रूढ करणारे जेफ्री बील हे कोलोराडो विद्यापीठातले ग्रंथपालच होते. त्यांच्या यादीवर खूप टीका झाली, २०१७ मध्ये ती त्यांनी बंदही केली. पण जगाला हा रोग पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो एका ग्रंथपालाच्या टेबलावरून.

आता आपल्याकडच्या प्रशिक्षणाकडे येते. प्रशिक्षण मिळतच नाही असे मी म्हणणार नाही. ते फार मिळते, एक दिवसाचे. सकाळी दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, प्रास्ताविक, बीजभाषण, जेवण. दुपारी एका वक्त्याचे ओपन ॲक्सेसच्या (मुक्त प्रकाशनाच्या) व्याख्येवरचे पंचेचाळीस स्लाइडांचे भाषण, मग फीडबॅक फॉर्म आणि प्रमाणपत्र. ऑनलाइन असेल तर जेवण वगळून बाकी सगळे. अशा एका कार्यशाळेत मी वक्त्यांना विचारले की आमच्या संशोधनपत्राला परवाना कुठला लावू आणि लेखकाकडून कुठला कागद सही करून घेऊ. “तुमच्या संस्थेच्या धोरणानुसार ठरवा,” असे उत्तर मिळाले. धोरण लिहायची वेळ आली की संस्था ते माझ्याकडूनच लिहून घेणार, हे त्यांच्या लक्षात आले नसावे.

नियमावलीतही हीच गत आहे. २०१८ च्या यूजीसी नियमांत ग्रंथपालाच्या पदोन्नतीसाठी ऑटोमेशन आणि डिजिटायझेशनच्या किमान पाच दिवसांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे. चांगलेच आहे, पण त्यात प्रकाशनसेवेचे नाव नाही. दुसरीकडे, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता हा दोन क्रेडिटचा, तीस तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. त्यात मुक्त प्रकाशन आहे, प्रकाशनातले गैरप्रकार आहेत, डेटाबेस आणि संशोधनाची मोजमापेही आहेत. हे घटक शिकवायला संशोधन केंद्रे कुणाला बोलावतात? ग्रंथपालाला. विद्यार्थ्याला तीस तास, आणि शिकवणाऱ्याला? त्याने ते कुठे शिकावे याचे उत्तर कुठल्याही कागदावर नाही.

वाचनाच्या बाजूला सरकारने हात सैल सोडला आहे, हेही मान्य करायला हवे. सरकारी संस्थांना जर्नले वाचायला मिळावीत म्हणून आखलेल्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने तीन वर्षांचे ६,००० कोटी मंजूर केले. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नले त्यात आहेत. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि ते चढवण्याचे काम गावोगावच्या ग्रंथपालांनी केले आहे. म्हणजे जबाबदारी दिली, थोडे शिकवले आणि मागे विद्यापीठ ग्रंथालयांचे जाळे सांभाळणारी इन्फ्लिबनेटसारखी संस्था उभी राहिली, तर हा वर्ग काम करून दाखवतो. मग आपल्याच भाषेतली, आपल्याच जिल्ह्यातली नियतकालिके जगासमोर आणण्याच्या कामात त्याला घेतले का जात नाही?

माझी सूचना एकच आहे, आणि ती अभ्यासमंडळांनी गांभीर्याने घ्यावी अशी विनंती आहे. प्रशिक्षणाची परीक्षा म्हणजे एक अंक. एम.लिब.च्या शेवटच्या वर्षात प्रकाशनसेवेचा एक संपूर्ण पेपर असावा आणि त्याचे प्रात्यक्षिक असे असावे की दोन-तीन विद्यार्थ्यांनी जिल्ह्यातले एक खरेखुरे नियतकालिक घ्यायचे आणि त्याचा एक अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत ऑनलाइन आणायचा. आयएसएसएन नसेल तर अर्ज करायचा. छापील अंकाला एक आणि ऑनलाइनला दुसरा क्रमांक लागतो, हे अर्ज करतानाच कायमचे लक्षात राहते. मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. शीर्षक, सारांश आणि सूचकशब्द मराठीत आणि इंग्रजीत तयार करायचे, ते संपादकांकडून तपासून घ्यायचे. लेखकांशी बोलून परवान्याचा करार करायचा. जुन्या लेखांचे हक्क कुणाकडे आहेत हे शोधायचे, आणि लेखक हयात नसतील तर वारसांपर्यंत जायचे. हे काम किती नाजूक असते ते पुस्तकात वाचून कळत नाही. ओजेएसवर अंक चढवायचा, डीओआय नोंदवायचे, जतनाची एक प्रत दुसरीकडे ठेवायची. शेवटी डीओएजे या मुक्त जर्नलांच्या जागतिक सूचीचा अर्ज भरायचा. तो मान्य झाला नाही तरी चालेल. त्या अर्जातले प्रश्न वाचले तरी आपल्या नियतकालिकात काय काय उणे आहे ते समोर येते.

सेवेत असलेल्यांसाठी हेच मालवीय मिशनच्या शिक्षक प्रशिक्षण केंद्रांत दोन आठवड्यांत शिकवता येईल. पण मग पुढे सहा महिने फोन उचलणारा एक मार्गदर्शक हवा आणि प्रमाणपत्र अंक निघाल्यावरच द्यावे. व्याख्याने कमी करावीत. ओजेएस शिकवणारे पब्लिक नॉलेज प्रोजेक्टचे ऑनलाइन वर्ग फुकट आहेत, तेवढा भाग घरी करून या असे सांगता येईल. केंद्रातला वेळ आपल्या अडचणींवर घालवू.

खर्चाचे म्हणाल तर प्रणाली फुकट आहे, पण सर्व्हर, त्याची देखभाल आणि क्रॉसरेफची वर्गणी यांना पैसा लागतो. डीओआय नोंदवायला नव्या लेखामागे साधारण एक डॉलर पडतो, तो कुणालाही झेपेल. वार्षिक वर्गणी मात्र तालुक्याच्या महाविद्यालयाला किंवा एखाद्या संशोधन मंडळाला जड जाते. क्रॉसरेफमध्ये एका संस्थेने प्रायोजक होऊन अनेक छोट्या प्रकाशकांना आत घेण्याची सोय आहे. हे विद्यापीठाने करावे. प्रत्येक महाविद्यालयाने वेगळा सर्व्हर घेऊन वेगळे ओजेएस बसवणे तर टाळलेच पाहिजे. दोन वर्षांनी अद्ययावत न केलेल्या त्या प्रणालीत घुसखोर औषधांच्या आणि जुगाराच्या जाहिराती पेरून जातात.

काही आक्षेप मला आधीच ऐकू येतात. प्रकाशन हे संपादकांचे काम, ग्रंथपालाने त्यात नाक खुपसू नये, असे काही प्राध्यापक म्हणतील. लेख चांगला की वाईट हे ठरवायला आम्हाला कुणी बोलावू नये, हे मलाही मान्य आहे. ती रेषा अभ्यासक्रमातच आखून द्यावी. बाहेरच्या कंपनीला ठेका देऊन टाकू, असे काही संस्थाचालक म्हणतील. जरूर द्या, पण करारात पीडीएफ, मेटाडेटा आणि डीओआयची मालकी कुणाची राहील हे वाचून सही करणारे कुणीतरी तुमच्याकडे हवेच. नाहीतर ठेका संपला की अंकही त्यांच्याबरोबर जातात. आणि ‘आधी रिकामी पदे भरा, मग प्रशिक्षणाचे बोला’ असे माझेच सहकारी म्हणतील. त्यांचे खोटे नाही. जिथे ग्रंथपालच तासिका तत्त्वावर आहे किंवा पदच रिकामे आहे, तिथे हे पत्र निरर्थक आहे, हे मी जाणते. म्हणूनच हे पत्र अभ्यासमंडळांबरोबर कुलगुरूंनाही लिहिले आहे. प्रशिक्षण घेतलेल्या ग्रंथपालाच्या कार्यभारात हे काम तासांनिशी धरले गेले नाही, तर तेही ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’च्या ढिगात जाईल.

२०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठीचे विद्यापीठ झाले. अभिजात भाषेतले संशोधन निदान कॉपी करता यावे आणि शोधता यावे, एवढी अपेक्षा जास्त नसावी.

विनंती अशी की अभ्यासमंडळांनी हा विषय पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, पेपरचा आराखडा करणाऱ्या उपसमितीत नियतकालिकांचे दोन संपादक आणि महाविद्यालयात प्रत्यक्ष काम करणारे दोन ग्रंथपाल ठेवावेत, आणि ज्ञानस्रोत केंद्राने पहिल्या तुकडीसाठी ओजेएसचा एक सर्व्हर मोकळा करून द्यावा. आमच्या महाविद्यालयाच्या संशोधनपत्राचे जुने अंक मी स्कॅन करून ठेवले आहेत, संपादकांची संमतीही आहे. पहिल्या तुकडीत माझे नाव धरावे.

कळावे,
आपली विश्वासू
मराठवाड्यातील एक महाविद्यालयीन ग्रंथपाल